आईच्या रकान्यातल्या सहा खुणा

दोन वर्षांपूर्वी, पौषातल्या एका बुधवारी, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास उस्मानपुऱ्यातल्या आमच्या उपचारकेंद्रात एक आई खुर्चीवरून कोसळली. तिचं नाव मंगल, वय सव्वीस. समोरच्या उंच खुर्चीत तिचा चार वर्षांचा मुलगा शिवम बसलेला होता. टेबलावरच्या वाटीत बाजरीच्या भाकरीचे हरभऱ्याएवढे तुकडे होते. माझ्या हातात नोंदीचा कागद होता. त्यात ‘आईचे घास’ या रकान्यात सहा खुणा होत्या. मंगलनं सहा घास खाल्ले, असा त्यांचा अर्थ.

केंद्राच्या मदतनीस संघमित्राताई यांनी तिला जमिनीवर आडवं केलं, तोंडावर पाणी मारलं आणि कमरेला घट्ट खोचलेला पदर सैल केला. पदराच्या टोकाला गाठ होती. ती ओली होती. ताईंनी गाठ सोडली.

“मॅडम, हे बघा आधी.”

गाठीत भाकरीचे तुकडे होते. लाळेनं भिजलेले, पण मोजता येत होते. सहा होते.

आमचं काम काय असतं, ते आधी सांगायला हवं. मूल जेवत नाही, ही तक्रार बहुतेक घरांत असते आणि बहुतेक घरांत ती खरी नसते. आमच्याकडं येणारी मुलं वेगळी. काही फक्त दूध पितात, काही एकाच रंगाचं खातात, काहींना ताट दिसलं तरी उलटी होते. अशा मुलाला आधी बालरोगतज्ज्ञ तपासतात. गिळताना त्रास आहे का, पोटातलं वर येतं का, रक्त कमी आहे का, हे सगळं बघून झालं की मूल आमच्याकडं येतं. आम्ही औषध देत नाही. जेवताना कोण काय करतं आणि त्यानंतर काय होतं, हे लिहून काढतो आणि त्यातली एकेक गोष्ट बदलतो.

तत्त्व साधं आहे. मुलानं तोंड फिरवलं की चमचा मागं जातो. चार वेळा असं झालं की मूल शिकतं: तोंड फिरवलं की सुटका. मग घरातली माणसं चमचा घेऊन मुलाच्या मागं धावतात, मोबाइल दाखवतात, शपथा घालतात. मूल याहून जास्त शिकतं. आम्ही हे उलटं फिरवतो. मागणी इतकी लहान ठेवतो की तिला नकार देण्याचं कारण उरू नये. आज पदार्थ फक्त टेबलावर राहील. उद्या त्याला बोट लागेल. मग वास, मग जिभेचं टोक, मग तांदळाच्या दाण्याएवढा घास. प्रत्येक पायरीवर कौतुक. नकार दिला तर रागावणं नाही, विनवण्या नाहीत.

सुरुवातीच्या वर्षांत आम्ही याहून कठोर होतो. मुलानं तोंड उघडेपर्यंत चमचा ओठांपासून हलवायचा नाही, अशी पद्धत मी शिकून आले होते आणि वापरली. मुलं खाऊ लागली, हे खरं. त्यांतली एक मुलगी स्टीलच्या चमच्याचा आवाज झाला की अजून पलंगाखाली जाते, असं तिची आई वर्षभरानं सांगून गेली. ती पद्धत मी बंद केली. त्या मुलीच्या कागदावर ‘उपचार यशस्वी’ असा माझा शेरा आहे. तो बदललेला नाही.

पालकही नाना प्रकारचे भेटतात. बजाजनगरमध्ये राहणारे एक वडील वाळूजच्या कारखान्यात पर्यवेक्षक होते. त्यांनी मुलीच्या जेवणाचा तक्ता भिंतीवर लावला, मिनिटामागं किती घास ते ठरवलं आणि दर शनिवारी मला अहवाल आणून दिला.

“मॅडम, या आठवड्यात बासष्ट टक्के.”

“मुलगी काय म्हणते?”

“ती सहकार्य करत नाही.”

त्यांना तक्ता काढायला सांगितलं आणि मुलीशेजारी बसून स्वतःचा डबा खायला सांगितलं. तीन आठवड्यांनी मुलगी त्यांच्या डब्यातली शेव उचलू लागली. शेव मोजायची का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. ते हिरमुसले.

मुलासमोर मोठ्यांनी खाणं ही त्या प्रकरणानंतर आमच्याकडं नेमानं वापरली जाणारी पायरी झाली. आई एक घास खाते, मूल बघतं, मग मुलाची पाळी. मंगललाही मी हेच सांगितलं होतं.

मंगल वैजापूर तालुक्यातल्या मेंढपाळ घरातली. नवरा मेंढरं घेऊन पाऊस सुरू होईपर्यंत बाहेर असायचा. शिवम दिवस भरण्याआधी जन्मला. पहिले चार महिने नाकातून नळी घालून त्याला दूध दिलं होतं. तोंडाकडं हात आला की काहीतरी दुखतं, एवढी एकच गोष्ट त्याला तोंडाविषयी माहीत झाली. चार वर्षांचा झाला तरी तो झोपेत बाटलीनं दूध प्यायचा, जागेपणी काहीच नाही. वजन साडेनऊ किलोवर थांबलं होतं. शल्यचिकित्सकांनी आठ आठवड्यांची मुदत दिली होती. तोवर मूल तोंडानं खाऊ लागलं नाही, तर पोटाला छिद्र पाडून नळी बसवायची. मंगलनं पहिल्या दिवशी मला एकच प्रश्न विचारला होता.

“नळी बसली की पुन्हा निघती का?”

काहींची निघते, काहींची नाही, असं मी सांगितलं. ते बरोबर होतं.

ती मुलाला घेऊन बजाजनगरमध्ये भावाच्या खोलीवर राहायला आली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सिटी बसनं उस्मानपुऱ्यापर्यंत. एकदाही उशीर झाला नाही. शिवम फारसा बोलत नसे. कौतुक म्हणून आम्ही मुलांना साबणाचे फुगे दाखवतो. त्याला ते बघून रडू आलं. तेव्हा मंगलनं पिशवीतून मेंढीच्या गळ्यातली पितळी घंटा काढली. एक पायरी झाली की घंटा एकदा वाजवायची, असं ठरलं. दुसऱ्या आठवड्यात त्यानं भाकरीला बोट लावलं. तिसऱ्या आठवड्यात तुकडा ओठांना लावला. त्याच आठवड्यात मी मंगलला त्याच्यासमोर खायला बसवलं.

तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी शिवमनं पहिला तुकडा तोंडात घेतला. संघमित्राताईंनी टाळी वाजवली. मी ‘घास घेतला’ असं लिहिलं. आमचा नियम असा, की अर्ध्या मिनिटानं मुलाला ‘आ कर’ म्हणायचं आणि तोंड रिकामं आहे का बघायचं. मी ‘आ कर’ म्हणाले. तुकडा डाव्या गालात तसाच होता. थोड्या वेळानं त्यानं तो हलकेच हातावर काढला आणि बुशकोटाच्या टोकात गुंडाळला. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. गालात धरायचा, काढायचा, गुंडाळायचा. गालात घास धरणारी मुलं आम्ही पाहिली आहेत. कपड्यात गुंडाळून ठेवणारं मूल मी पहिल्यांदाच पाहत होते. कागदाच्या समासात मी लिहिलं: ‘हे कुठून शिकला?’

बुधवारी मंगल कोसळली आणि पदराची गाठ सुटली. उत्तर मिळालं.

जवळच्या रुग्णालयात तिला दाखल केलं. रक्त फार कमी होतं, साखर खाली गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं कधी जेवलात? ती म्हणाली, “सकाळी मॅडमसमोर खाल्लं की.” मी पलंगाशेजारी उभी होते. तिनं माझ्याकडं बघितलं आणि डोळे मिटले.

संध्याकाळी शिवम संघमित्राताईंच्या मांडीवर झोपला तेव्हा ती बोलली.

“पोळ्याच्या दिशी बिरोबापुढं बोलले मी. लेकरानं धान्य खाल्लं तरच मी धान्य खाईन. तोवर नाय.”

“म्हणजे पाच महिने?”

“व्हय.”

“मग काय खात होतीस?”

“च्या. साबुदाणा. एखांदं केळ.”

“अंडी चालली असती. दूध चाललं असतं.”

“चाललं असतं. लेकरू उपाशी आन् मी अंडं गिळू व्हय?”

मी विचारलं, हे मला का सांगितलं नाही?

“तुम्ही म्हणलात, खाऊन दाखव. नाय म्हणले तर तुम्ही नाव काढलं असतं.”

आमच्या केंद्राच्या दारावर सूचना लावलेली होती. सलग दोनदा सूचना पाळल्या नाहीत, तर प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलाला जागा दिली जाईल. ती सूचना मी लिहिली होती.

संघमित्राताई बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्यांचं घर बौद्ध. त्यांच्या आजोबांनी देव नदीत सोडले तेव्हापासून घरात नवस नाही.

“माझी आई असती तर हिला रागावली असती,” त्या म्हणाल्या. “मलाबी राग आला होता. मग वाटलं, आपण तरी काय केलं? पोराला रोज विचारलं, आ कर. हिला कधी विचारलं?”

या व्यवसायात येण्याआधी तीन वर्षं मी एका दैनिकात उपसंपादक होते. जे पाहिलं तेवढंच लिहायचं, ही तिथली पहिली शिकवण. मंगलनं घास तोंडात नेलेला मी पाहिला होता. गिळलेला पाहिला नव्हता. रकान्यात लिहिताना मी ‘खाल्ला’ असं लिहिलं होतं. पाच बैठकांचे कागद मी त्या रात्री घरी नेले आणि आईच्या रकान्यातल्या सगळ्या खुणा लाल शाईनं रद्द केल्या. उरलं ते असं: मुलानं रोज आपल्या आईला अन्न तोंडात घेऊन ते न गिळता लपवताना पाहिलं आणि अगदी तसंच केलं. आमच्या उपचारात नक्कल हवी होती. ती झाली होती.

दुसऱ्या दिवशी मंगलचे सासरे वैजापूरहून आले. सत्तरीचे, डोक्याला लाल पटका, हातात काठी. गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. नवस बोलताना तेच शेजारी होते. त्यांनी रुग्णालयात आधी सुनेला पाहिलं, मग माझ्या हातातला पायऱ्यांचा तक्ता पाहिला. बोट, वास, जीभ, दाणा अशी चित्रं होती.

“एवढं चितारलंय व्हय,” ते म्हणाले. “आमच्या कोकरांना कागद लावायला लागत नाय.”

“कोकरू दूध धरत नसेल तर काय करता?” मी विचारलं.

“कोंबायचं नाय. तोंडात सड कोंबला की ते पुन्हा त्या मेंढीकडं फिरकत नाय. सडाला दोन थेंब लावायचे आन् आपण लांब बसायचं. त्येची भूक त्येला आणती. लांब बसणं लई अवघड असतं, बाई.”

माझ्या प्रशिक्षणाला दोन वर्षं लागली होती. त्यातलं बरंचसं या पाच वाक्यांत होतं.

मग ते सुनेकडं वळले. “आन् मेंढीच उपाशी असंल तर थेंब कुठून यायचे, मंगल?”

मंगल भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. नवस मोडायला ती तयार नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, भावानं सांगितलं. तिचं एकच म्हणणं होतं: नवस मोडला आणि नळी बसली, तर ती कुणामुळं बसली? श्रद्धेवर बोलणं माझं काम नव्हतं आणि त्यानं काही झालंही नसतं. मी आबांना विचारलं, ती नेमकं काय बोलली होती, शब्द आठवतात का?

“आठवतात की. माझं लेकरू धान्य खाईल तवा मी धान्य खाईन. एवढंच.”

“किती खाईल, ते बोलली होती?”

आबांनी आठवून बघितलं. “किती ते नाय बोलली.”

“मग दाणाभर खाल्लं तरी खाल्लंच की, आबा,” संघमित्राताई म्हणाल्या.

“देवाला फसवायचं नाय,” आबा एकदम म्हणाले. त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. शिवम त्यांच्या पायाशी घंटा घेऊन बसला होता. मग ते बोलले ते मंगलला उद्देशून.

“त्यानं दाणाभर खाल्लं तर तू दाणाभर खायचं. जास्ती नाय. त्यानं घास खाल्ला तर तू घास. लेकरू जेवढं तेवढी तू. ह्यात फसवणूक नाय. ज्या दिशी तो चतकोर भाकर खाईल, त्या दिशी मी बिरोबाला सांगंन, पोरगी सुटली म्हणून. तोवर अंडं, दूध, शेंगदाणं डॉक्टर म्हणतील तेवढं. त्ये तू बोलली नव्हती.”

मंगलनं विचारलं, “आन् त्यानं नायच खाल्लं तर?”

“तर तूबी नाय. पण लपवायचं नाय.”

मी त्यात एक अट घातली: वजन आणि रक्त दर आठवड्याला तपासायचं, आणि ते घसरलं तर ठरवलेलं थांबवायचं. आबांनी मान डोलावली. मंगलनं थोड्या वेळानं डोलावली.

सहाव्या आठवड्याच्या सोमवारी आम्ही पुन्हा बसलो. दारावरची सूचना काढलेली होती. नोंदीचा कागद नवा होता. रकाने दोन, शिवम आणि आई, आणि दोघांपुढं ‘तोंड तपासलं’ असा तिसरा रकाना. वाटीत तांदळाच्या दाण्याएवढे भाकरीचे कण होते.

पहिल्या दिवशी शिवमनं कण तोंडात घेतला आणि गालात धरला. मंगल बसून राहिली. तिनं वाटीला हात लावला नाही. त्यानं कण काढून बुशकोटात ठेवला. दोन्ही रकान्यांत शून्य. बुधवारीही शून्य. मुदतीतले अडीच आठवडे उरले होते. मंगलच्या भावानं फोन करून विचारलं, जरा जोर लावला तर? मी नाही म्हणाले. फोन ठेवल्यावर मला त्या नकाराची खात्री नव्हती.

शुक्रवारी शिवमनं कण गालात धरला आणि आईकडं बघत राहिला. ती त्याच्याकडं बघत राहिली. मी घड्याळ बघत होते. वीस सेकंदांच्या आसपास त्याचा घसा हलला. मी ‘आ कर’ म्हणायच्या आत मंगल म्हणाली. त्यानं तोंड उघडलं. रिकामं होतं. संघमित्राताईंनी घंटा त्याच्यापुढं सरकवली.

त्यानं घंटा घेतली नाही. वाटीतला एक कण चिमटीत धरून आईपुढं केला. तिनं तो तोंडात घेतला. पाच महिन्यांहून जास्त काळानं ती धान्य खात होती. चावायला काही नव्हतं, तरी ती चावत राहिली. मग तिनं गिळला.

शिवम पुढं वाकला. हनुवटी वर करून, अगदी माझ्या सुरात, तो आईला म्हणाला, “आ कर.”

तिनं तोंड उघडलं. त्यानं आत नीट पाहिलं, एका गालात, मग दुसऱ्या गालात. मग घंटा उचलली आणि एकदा वाजवली. दोन शब्द एकत्र बोललेले आम्ही त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले होते. मंगलनं पदर तोंडाला लावला. ताईंनी तो हळूच खाली केला आणि टोक बघितलं. कोरडं होतं.

सातव्या आठवड्यात कणाचा हरभरा झाला. मध्ये एका सोमवारी दोघांचंही शून्य आलं, कारण शिवमला सर्दी होती. आठव्या आठवड्याच्या अखेरीस तो एका बैठकीत नऊ घास खात होता, तीही नऊ. त्याचं वजन साडेतीनशे ग्रॅमनं वाढलं होतं. शल्यचिकित्सकांनी कागद पाहिले आणि निर्णय तीन महिने पुढं ढकलला. दोन रकाने का आहेत, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी दोन्ही रकाने पुन्हा वाचले.

हे यश कुणाचं, ते मी कागदावरून सांगू शकत नाही. कण आम्ही लहान केला होता. मोजमाप आबांनी ठरवलं. आधीच्या दोन आठवड्यांचं नुकसान मात्र माझ्या नावावर आहे, आणि त्या बुधवारी मंगल खुर्चीवरून न पडता रस्त्यावर, बसमधून उतरताना पडली असती, तर हा लेख मी लिहिला नसता. पहिल्या भेटीत भरून घेण्याच्या आमच्या अर्जात तेव्हा बेचाळीस प्रश्न होते. मूल काय खातं, कुठं, कधी, कुणाच्या हातून. आता त्रेचाळीस आहेत. शेवटचा असा: जो भरवतो, तो स्वतः कधी आणि काय जेवतो? हा प्रश्न विचारला की समोरची बाई बहुतेक वेळा आधी हसते. मी थांबते.

मंगल चैत्रात गावी गेली. दर पंधरा दिवसांनी आबा फोनवरून आकडे सांगत, मी ते लिहून घेत असे. नवरा मेंढरं घेऊन परतला त्यानंतरच्या आठवड्यात तिघंही केंद्रात आली. शल्यचिकित्सकांनी सकाळी शिवमला तपासलं होतं आणि नळीचा निर्णय रद्द केला होता. संघमित्राताईंनी ताटलीत बाजरीची भाकर ठेवली. त्यांनी स्वतः घरून करून आणली होती. आबा काठी टेकवून दाराशी बसले. आत या म्हटलं, तर म्हणाले, “लांबच बरं हाय.”

त्या दिवसाचा कागद माझ्याकडं आहे. वेळ सकाळी अकरा दहा ते अकरा पस्तीस. शिवम: चतकोर भाकर. आई: चतकोर भाकर. तोंड तपासलं: दोघांचं रिकामं.